राजीनामा लिहिण्याआधी

पक्षाघाताचा झटका आलेल्या सरकारी कर्मचाऱ्याच्या घरचे लोक पहिले काही दिवस फक्त जिवाची चौकशी करतात. धोका टळला की प्रश्न बदलतो, ‘डॉक्टर, आता नोकरीचं काय?’ तिथून स्वेच्छानिवृत्तीच्या अर्जापर्यंत जायला अनेकांना फार वेळ लागत नाही. मधुमेहाने दृष्टी अधू झालेले शिक्षक, अपघातात पाय गमावलेले वाहनचालक यांचेही थोड्याफार फरकाने हेच होते.

हा निर्णय घाईने घेऊ नये. पहिले कारण वैद्यकीय आहे. पक्षाघातानंतर हातापायांतली सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत सर्वाधिक वेगाने होते आणि पुढेही सावकाश चालू राहते. याच काळात जवळपास एक तृतीयांश रुग्णांना नैराश्य गाठते. ‘आता माझा काही उपयोग नाही’ हे पुष्कळदा त्या नैराश्याचे बोलणे असते आणि त्यावर उपचार आहेत. अशा मनःस्थितीत आयुष्यभराच्या नोकरीचा निकाल लावू नये.

दुसरे कारण कायद्याचे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २० नुसार, सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या सरकारी कर्मचाऱ्याला कामावरून काढता येत नाही वा खालच्या पदावर नेता येत नाही. जुने काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीचे दुसरे काम द्यावे लागते. तसे पद लगेच मिळत नसेल, तर ते मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत अधिसंख्य पदावर ठेवता येते. केवळ दिव्यांगत्वाच्या कारणाने बढतीही नाकारता येत नाही.

आता प्रमाणपत्राविषयी. आम्ही डॉक्टर त्यावर टक्केवारी लिहितो. आरक्षणासारख्या सवलतींसाठी ती किमान ४० असावी लागते. पण ६० टक्के दिव्यांगत्व म्हणजे माणूस ४० टक्केच उरला, असे नव्हे. अवयवाचे किंवा इंद्रियाचे कार्य किती बाधित झाले, एवढेच तो आकडा सांगतो. योग्य साधने मिळाल्यावर माणूस कोणते काम करू शकेल, हे त्यातून कळत नाही.

उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांचे उदाहरण बोलके आहे. वयाच्या सहाव्या वर्षी त्यांची दृष्टी गेली. केंद्रीय लोकसेवा आयोगाची २०१५ ची परीक्षा उत्तीर्ण होऊन त्यांना रेल्वे लेखा सेवा मिळाली, पण पूर्ण अंधत्वाचे कारण देऊन नियुक्ती नाकारण्यात आली. पुढच्याच परीक्षेत त्या देशात १२४ व्या आल्या आणि २०१९ मध्ये तिरुवनंतपुरमच्या उपजिल्हाधिकारी झाल्या. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर त्यांना अभ्यासातही उपयोगी पडले होते. डोळे तेच होते. फरक पडला तो त्यांना काम द्यायचे की नाही, हे ठरवणाऱ्यांच्या दृष्टीत.

मात्र खुर्ची आणि पगार मिळाला म्हणजे समावेश झाला, असे समजू नये. कोपऱ्यात बसवून ‘साहेब, तुम्ही आराम करा’ असे रोज सांगितले, तर चांगला माणूसही खचतो. वीस वर्षे महसुलाची कामे केलेल्या लिपिकाचा उजवा हात गेला, तरी नियमांची जाण शाबूत असते. त्याला डाव्या हाताने संगणक शिकू द्यावा, टेबल तळमजल्यावर आणावे आणि जबाबदारीची फाइल सोपवावी. कामाचा उद्देश पुन्हा सापडणे हा पुनर्वसनाचाच भाग आहे.

म्हणून राजीनाम्याऐवजी कार्यालयाकडे काम बदलून मिळण्याचा लेखी अर्ज द्यावा. त्यासोबतच्या वैद्यकीय अहवालात काय जमत नाही याबरोबरच काय जमते, हेही डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. दाद मिळाली नाही तर कार्यालयाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे आणि पुढे राज्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे जाता येते. अर्जाची पोच मात्र जपून ठेवावी.