विहिरीपासून घरापर्यंत नळ : पाइपची निवड व चराची खोदाई

मळ्यातील विहिरीचे पाणी पंपाने थेट घराच्या टाकीत आणल्यास घरातील स्त्रियांच्या हंड्यांच्या खेपा वाचतात. परंतु नळ एकदा जमिनीत गाडला गेला की, त्यातील चूक डोळ्यांना दिसत नाही. ती पुढे फुटलेल्या सांध्यातून, पंपावरील वाढत्या भारातून अथवा दूषित पाण्यातून प्रकट होते. म्हणून चरात माती लोटण्यापूर्वीच पुढील गोष्टींचा विचार करावा.

पाइपची निवड

प्रथम पाणी किती उंच चढवावयाचे आहे, ते मोजावे. समजा, उन्हाळ्यात विहिरीतील पाणी जमिनीपासून १२ मीटर खाली जाते, घराची जागा विहिरीपेक्षा ४ मीटर उंच आहे आणि टाकीचे तोंड त्याहून ६ मीटर वर आहे. एकूण चढ २२ मीटर झाला. यात पाइपमधील घर्षणाची भर पडते. तासाला ३,६०० लिटर पाणी न्यावयाचे असल्यास ४० मिलिमीटर व्यासाच्या प्लॅस्टिक पाइपमध्ये दर १०० मीटरला सुमारे ३ मीटर, तर ३२ मिलिमीटरच्या पाइपमध्ये सुमारे ९ मीटर उंचीइतका दाब घर्षणातच खर्च होतो. अंतर २०० मीटर असेल, तर पहिल्या पाइपने पंपास २८ मीटरचा आणि दुसऱ्याने ४० मीटरचा भार पडेल. बारीक पाइप घेऊन केलेली बचत पंप चालेल तोवर भरून द्यावी लागते.

दहा मीटर उंचीचे पाणी दर चौरस सेंटीमीटरला सुमारे १ किलोग्रॅम दाब देते. वरील उदाहरणात ४० मिलिमीटरच्या पाइपवर २·८ किलोग्रॅम दाब येईल. पंप एकाएकी बंद पडताच पाण्याचा धक्का बसतो, तो निराळाच. म्हणून ६ किलोग्रॅम दाबाचा पाइप घ्यावा. पी.व्ही.सी. पाइपवर भारतीय मानक ४९८५ आणि एच.डी.पी.ई. पाइपवर ४९८४ हा क्रमांक छापलेला पाहून घ्यावा. एच.डी.पी.ई. पाइप लवचीक असून त्यास सांधे कमी लागतात. फुगणाऱ्या व भेगाळणाऱ्या काळ्या जमिनीत तो विशेष सोयीचा पडतो. पी.व्ही.सी. पाइप उन्हाने ठिसूळ होतो; यास्तव विहिरीजवळील उघड्या भागात लोखंडी पाइप वापरावा.

चराची खोदाई

खरीप पीक निघाल्यावर जमिनीत वाफसा असताना चर खणावा. उन्हाळ्यात काळी जमीन दगडासारखी घट्ट होते आणि पावसाळ्यात चराच्या कडा ढासळतात. चर सुमारे ९० सेंटीमीटर खोल व ४५ सेंटीमीटर रुंद असावा. म्हणजे नांगराचा फाळ पाइपास लागत नाही व वरून बैलगाडी अथवा ट्रॅक्टर गेला तरी धोका राहत नाही. खणलेली माती काठापासून अर्धा मीटर दूर टाकावी. काठावरील ढीग खाली काम करणाऱ्या माणसाच्या अंगावर येतो.

संडासाचा शोषखड्डा, उकिरडा व गोठ्याची मोरी यांपासून चर निदान ३ मीटर दूर न्यावा. सांडपाण्याची नाली ओलांडणे अटळच असेल, तर पिण्याच्या पाण्याचा पाइप तिच्या वरून न्यावा आणि तेथे सांधा ठेवू नये. पंप बंद असताना पाइपमधील दाब उतरतो व गळक्या सांध्यातून बाहेरची घाण आत ओढली जाऊ शकते.

तळातील दगड वेचून १० सेंटीमीटर वाळू अथवा चाळलेला बारीक मुरूम पसरावा व त्यावर पाइप किंचित नागमोडी ठेवावा. उष्णतामानात २० अंशांचा फरक पडल्यास १०० मीटर पी.व्ही.सी. पाइपची लांबी सुमारे १५ सेंटीमीटरने बदलते. ताणून बसविलेल्या पाइपचे सांधे थंडीत निसटतात.

चाचणी व भरणी

सांधे उघडे ठेवून मधल्या भागांवर थोडी माती टाकावी. सांध्यांचे सिमेंट एक दिवस वाळू द्यावे, नंतर पंप चालवून प्रत्येक सांधा हाताने चाचपून पाहावा. गळती नसल्याची खात्री होताच सकाळच्या गारव्यात प्रथम १५ सेंटीमीटर बारीक माती व नंतर थराथराने उरलेली माती चोपून भरावी. वळणांवर खुणेचे दगड रोवावेत आणि नळाचा नकाशा घरात जपून ठेवावा. पुढे दुरुस्तीचा प्रसंग आलाच, तर सारे रान न उकरता नेमकी जागा सापडेल.