सांध्यातला चुना

वाशीमचे बालाजी मंदिर भवानी काळूंनी १७७९च्या सुमारास पुरे केले, तेव्हा इंग्लंडात बाथ शहरातली रॉयल क्रेसेंटची ३० घरे नुकतीच उभी राहिली होती. १७१४ ते १८३० या काळातल्या, मोजून बसवलेल्या खांबांच्या आणि सारख्या अंतरावरच्या खिडक्यांच्या या शैलीला जॉर्जियन म्हणतात. मुंबईचा १८३३चा टाउन हॉल तिच्याच वळणाचा. वाशीमच्या मंदिराशी या शैलीचे रूप जुळत नाही, पण काळ जुळतो. पोर्टलंड सिमेंटचे पेटंट १८२४चे. तोवर इकडे काय नि तिकडे काय, पक्क्या बांधकामाचा मुख्य आधार चुनाच होता. म्हणून चुन्यातल्या इमारतीची डागडुजी चुन्यानेच व्हावी, असे माझे ठाम मत आहे.

हे काम घाईचे नाही. भाजलेल्या चुनखडीच्या कळीवर पाणी ओतले की ती आधी गुपचूप पाणी पिते, मग तडकते, फुगते आणि इतकी तापते की भोवतीचे पाणी उकळू लागते. विरलेली कळी पाण्याखाली मुरत ठेवली की लोण्यासारखी मऊ होते. मग वाळू आणि सुरखी, म्हणजे विटांची भुकटी, घालून तिला घाण्यात मळायचे. पूर्वी गोल चरातून दगडी चाक फिरवायला बैल असत. कुठे गुळाचे, कुठे बेलफळाचे पाणीही घालत. भरलेला सांधा ओल्या गोणपाटाखाली जपावा लागतो, कारण चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश पुन्हा दगड होतो.

एवढा खटाटोप कशाला, सिमेंट जास्त मजबूत नाही का, असे विचारले जाते. मजबूत आहे, आणि दुखणे तिथेच आहे. भिंतीत शिरलेली ओल चुन्याच्या सांध्यातून वाळून जाते. सिमेंटने ती वाट बुजली की ओल विटेत साचते, क्षार फुलतात आणि वीट पापुद्र्यांनी झडते. सांधा झिजला तर पुन्हा भरता येतो, झडलेली वीट परत येत नाही. आपला काळा दगड बाथच्या चुनखडीसारखा मऊ नाही, हा आक्षेप खरा आहे. पण वाड्यांत दगडी जोत्यावर बहुधा विटा किंवा माती असते, आणि दगडी भिंतीच्या पोटातही भर असते. ओल तिथे मुरते. कारागीर मिळत नाहीत, हे मात्र मान्य करावेच लागेल. पण काम मिळाले नाही तर ते तयार तरी कसे होणार?

वाशीम-कारंजाकडच्या जुन्या घरांच्या मालकांना एवढीच विनंती: सिमेंटची गोणी फोडण्याआधी जुना सांधा उकरून नीट पाहा. आत चुना असेल, तर चुनाच भरा.