बार उडाल्यावर विहिरीत उतरण्याची घाई नको

उन्हाळा लागला आणि विहिरींचे पाणी तळाला गेले की आपल्या भागात दोन गोष्टी जोरात सुरू होतात. एक लग्नसराई आणि दुसरी विहिरींची खोदाई. दुपारी लांबून ‘धडाम’ असा आवाज येतो, खिडक्यांची तावदाने थरथरतात आणि आपण म्हणतो, ‘कोणाच्या तरी विहिरीत बार उडाला.’

वरचा मुरूम कुदळीने निघतो, पण खालचा काळा पाषाण सुरुंगाशिवाय हलत नाही. दगड उडून डोके फुटणे, न उडालेला बार हाताळताना हात गमावणे, हे अपघात सर्वांना माहीत आहेत. आज मला सांगावयाचे आहे ते निराळेच. आवाज थांबतो, दगड खाली पडतात, सर्वांचा जीव भांड्यात पडतो आणि नेमका त्या क्षणापासून दुसरा धोका सुरू होतो. हा धोका आहे धुराचा.

एक रुग्ण आणि माझी चूक

२००६ च्या मे महिन्यातील गोष्ट. संध्याकाळी सातच्या सुमारास विहिरीच्या कामावरचा एक चोवीस-पंचवीस वर्षांचा तरुण दवाखान्यात आला. म्हणाला, ‘डॉक्टर, घशात धूर गेलाय. जरा खोकला येतोय.’ दुपारी बार उडाल्यावर दहा-पंधरा मिनिटांतच तो यारीच्या दोराला धरून खाली उतरला होता. खाली तांबूस धूर होता, डोळे चुरचुरले, पण त्याने तासभर डबर भरले. मी छाती तपासली, स्वच्छ होती. नाडी थोडी जलद होती. उन्हातले काम, म्हणून मी ते मनावर घेतले नाही. खोकल्याचे औषध दिले आणि घरी पाठविले.

रात्री दोन वाजता त्याच तरुणाला जीपमध्ये घालून आणले. ओठ निळे, श्वासाची घरघर आणि तोंडातून गुलाबी फेस. फुप्फुसात पाणी भरले होते. दवाखान्यातला ऑक्सिजनचा सिलिंडर जीपमध्ये चढवला आणि त्याच्याबरोबर जिल्ह्याच्या गावी गेलो. वाटेत त्याची आई एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, ‘संध्याकाळी तर तुमच्याकडून चालत घरी आला होता की हो!’

त्या वाक्याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. तो वाचला, हे त्याचे नशीब. संध्याकाळी मी त्याला सोडावयास नको होते.

धुरात असते काय?

सुरुंगाची दारू उडते म्हणजे क्षणार्धात तिचे वायूत रूपांतर होते. एक किलो स्फोटकापासून साधारण ८०० ते १००० लिटर वायू तयार होतो आणि त्याच्याच दाबाने खडक फुटतो. यातला बराचसा भाग पाण्याची वाफ, नायट्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड यांचा असतो. पण त्याबरोबर दोन विषारी वायूही निघतात.

पहिला नायट्रोजन डायऑक्साइड. आजची बहुतेक स्फोटके अमोनियम नायट्रेटवर आधारलेली असतात. नायट्रोग्लिसरिनच्या जुन्या कांड्यांवर आपल्याकडे २००४ मध्ये बंदी आली, तरी ‘जिलेटीन’ हे नाव लोकांच्या तोंडी राहिले आहे. मिश्रण बिघडलेले असेल, माल जुना असेल किंवा भोकात पाणी असेल, तर दारू पुरती जळत नाही आणि हा तांबूस-पिवळा वायू जास्त निघतो. विहिरीच्या तळाची भोके तर बहुधा ओलीच असतात! हा वायू हवेपेक्षा जड असल्यामुळे तळाशीच बसून राहतो.

याची लबाडी अशी, की तो पाण्यात पटकन विरघळत नाही. अमोनियासारखा वायू नाकाला लागताच माणूस पळ काढतो. हा मात्र नाका-घशाला थोडासा चुरचुरून थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत पोचतो. तेथील ओलाव्याशी संयोग होऊन आम्ल तयार होते आणि हवेच्या नाजूक पिशव्या हळूहळू भाजून निघतात. भाजल्यावर कातडीला फोड यावयास जसा वेळ लागतो, तसा येथे फुप्फुसात पाणी झिरपण्यास वेळ लागतो. कधी तीन-चार तास, तर कधी पुरा एक दिवस. मधल्या काळात माणूस जेवतो, बोलतो, हिंडतो. छातीत नळीने ऐकले तरी काही सापडत नाही. माझी फसगत झाली ती येथेच.

दुसरा वायू कार्बन मोनॉक्साइड. याला ना रंग, ना वास. रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपट अधिक जोराने चिकटतो. डोके दुखते, मळमळते, पाय लटपटतात आणि माणूस जागीच बसतो. हा वायू फुटलेल्या दगडांच्या ढिगात अडकून राहतो आणि डबर उपसताना बाहेर येतो. त्यामुळे वरचा धूर गेला तरी खालचे काम निर्धोक झाले असे समजू नये. खडकाच्या भेगांतून तो शेजारच्या विहिरीतही जाऊ शकतो.

कंदिलाची परीक्षा पुरेशी नाही

आपल्याकडे जुन्या विहिरीत उतरण्यापूर्वी कंदील सोडून पाहण्याची रीत आहे. रीत चांगली आहे. कंदील विझला तर खाली ऑक्सिजन कमी आहे, उतरू नये. पण कंदील जळत राहिला म्हणजे हवा शुद्ध आहे, असे मात्र नाही. हवेत शेकडा ०.१२ इतका कार्बन मोनॉक्साइडसुद्धा जिवाला तात्काळ धोका मानतात आणि तेवढ्याने ज्योतीला काहीच होत नाही. म्हणून तर इंग्लंडच्या कोळसा खाणींत कॅनरी पक्षी पिंजऱ्यातून खाली नेत. माणसाच्या आधी पक्षी कोसळे आणि इशारा मिळे. ही प्रथा तेथे १९८६ पर्यंत होती. आता वायू मोजण्याची हातात मावणारी यंत्रे मिळतात. ठेकेदारांनी एक जरूर बाळगावे. एका माणसाच्या जिवापुढे त्याची किंमत काहीच नाही.

कोरोनाच्या साथीपासून बोटाला लावावयाचे ऑक्सिमीटर घरोघरी आले आहे. येथे त्याच्यावर विसंबू नका. कार्बन मोनॉक्साइडने भरलेले रक्त आणि ऑक्सिजनने भरलेले रक्त यांतला फरक त्या साध्या यंत्राला कळत नाही. माणूस गुदमरत असतो आणि यंत्र ९८ दाखवीत असते!

काय करावे?

सर्वात सोपा नियम असा : बार संध्याकाळी उडवावा आणि सकाळी उतरावे. धूर निघून जाण्यास वेळ मिळतो आणि एखादा बार उशिरा उडाला तरी खाली कोणी नसते. सकाळीही उतरण्याआधी कॉम्प्रेसरची नळी तळापर्यंत सोडून निदान अर्धा तास ताजी हवा मारावी. जड वायू आपण होऊन वर येत नाही, त्याला हुसकावे लागते. डबर उपसतानाही ही हवा मधून मधून चालू ठेवावी.

खाली उतरणाऱ्याच्या कमरेला दोर हवा आणि वर लक्ष ठेवणारा माणूस हवा. परवानाधारक माणसाशिवाय दुसऱ्या कोणीही स्फोटकांना हात लावू नये. कायद्याचा नियमच तसा आहे.

खाली कोणी कोसळला तर त्याच्यामागे उडी घालू नका. हे लिहिताना हात जड होतो, कारण खाली भाऊ असतो, बाप असतो. पण एकाला काढावयास दुसरा आणि दुसऱ्याला काढावयास तिसरा उतरतो आणि एकाच घरातली तीन माणसे जातात. दोराने वर ओढा, कॉम्प्रेसरची हवा खाली सोडा आणि १०८ ला फोन करा.

धूर लागलेल्या माणसाला मोकळ्या हवेत आणून टेकून बसवा. त्याला चालवत नेऊ नका. श्रमाने फुप्फुसातले पाणी वाढते. गूळ, दूध, तूप यांनी फुप्फुसातला वायू निघत नाही, बेशुद्ध माणसाच्या तोंडात तर पाणीही घालू नका. ऑक्सिजन हेच पहिले औषध. साध्या हवेत निम्मा कार्बन मोनॉक्साइड रक्तातून जाण्यास चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर साधारण तासा-दीड तासात तो जातो.

आणि ज्याला तांबूस धूर लागला आहे, त्याला कितीही बरे वाटत असले तरी चोवीस तास रुग्णालयात देखरेखीखाली ठेवा. डॉक्टरांना ‘धूर गेला’ एवढेच न सांगता ‘सुरुंगाचा धूर’ असे स्पष्ट सांगा. घरी गेल्यावरही दीड महिना लक्ष असू द्या. माझा तो तरुण घरी जाऊन तीन आठवडे झाल्यावर पुन्हा धापा टाकू लागला. या वायूने फुप्फुसातल्या बारीक नळ्या नंतर आवळू लागतात, ताप-खोकला येतो आणि साधा सर्दी-पडशाचा त्रास म्हणून दुर्लक्ष होते. या वेळी मात्र मी त्याला लगेच पुढे पाठविले.

त्यानंतर माझ्या दवाखान्यात विहिरीवरचा माणूस खोकत आला, की मी पहिला प्रश्न विचारतो, ‘आज बार कधी उडवला आणि तू खाली कधी उतरलास?’ हा प्रश्न ठेकेदाराने, मालकाने आणि घरच्यांनीही विचारावा. हजारो वर्षे खडकात दडलेले पाणी आणखी एक रात्र वाट पाहील. माणसाचा श्वास तेवढा थांबत नाही.