थर्ड शिफ्टनंतरची झोप

सकाळी सातच्या सुमारास पुण्याजवळच्या चाकण-भोसरीहून कंपन्यांच्या बस थर्ड शिफ्टची माणसं घेऊन परततात. रात्रभर उभ्याने काम करून अंग ठणकत असतं, तरी चिखली-मोशीच्या खोलीत पाठ टेकल्यावर डोळा लागत नाही. यात त्या माणसाचा काही दोष नाही. मेंदूतलं घड्याळ उजेडावर चालतं. ऊन डोळ्यांवर आलं की मेलाटोनिन हे झोपेचं संप्रेरक आटतं आणि शरीराचं तापमान चढू लागतं. झोप लागायला तर ते उतरावं लागतं. त्यात शिफ्ट सुटताना घेतलेला चहा! त्यातलं कॅफिन निम्म्यावर यायलाच साधारण पाच तास लागतात.

झोप ओढून आणता येत नाही, पण स्नायू सैल सोडणं शिकता येतं. शिकागोचे डॉक्टर एडमंड जेकबसन यांनी 1929 मध्ये यावर पुस्तकच लिहिलं. स्नायू आधी मुद्दाम आवळायचा, मग सोडायचा, म्हणजे ताण कुठे होता ते कळतं. आपल्याकडे शवासन होतंच. मुंबईच्या केईएम रुग्णालयातले डॉ. के. के. दाते आणि सहकाऱ्यांनी ते उच्च रक्तदाबाच्या 47 रुग्णांना शिकवलं; 1969 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार अनेकांचा दाब उतरला, औषधं कमी झाली. तो अभ्यास झोपेचा नव्हता, पण नुसतं सैल पडून राहण्याचा परिणाम थेट रक्तवाहिन्यांपर्यंत पोचतो, हे त्यातून दिसलं.

लाइनवर उभं राहणाऱ्याने पोटऱ्यांपासून सुरुवात करावी. पायाची बोटं आपल्याकडे ओढून पाचेक सेकंद पोटरी ताणावी आणि एकदम सोडावी. वीसेक सेकंद काहीच करू नये. पाय जड होत जातो तो अनुभवावा. मग मांड्या, पोट. रात्रभर नट आवळणाऱ्या हातांच्या मुठी, कानांपर्यंत उचलून सोडलेले खांदे आणि शेवटी जबडा. जबडा आवळलेला आहे हे बहुतेकांना ठाऊकच नसतं. सोबत श्वास चार आकड्यांत आत, सहा आकड्यांत बाहेर. श्वास सोडताना हृदयाचे ठोके मंदावतात, म्हणून उच्छ्वास लांब ठेवायचा.

पाय ऊबदार असले की झोप लवकर लागते, असं स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांना 1999 मध्ये आढळलं. तळपायांच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, आतली उष्णता बाहेर पडते. घरात काशाची वाटी असेल तर तेल लावून तळवे जरूर घासावेत. नसेल तर कोमट पाण्याची बादली पुरे.

वीसेक मिनिटांत झोप लागली नाही तर उठून मंद उजेडात बसावं, पेंग आली की परत आडवं व्हावं. अंथरुणात तळमळत राहिलं की मेंदू अंथरुणाची गाठ जागरणाशीच बांधतो.

मात्र सगळा भार कामगारावर टाकणं मला पटत नाही. खिडकीवर जाड चादर, कुकरच्या शिट्ट्या, पोरांचा दंगा हा अख्ख्या घराचा प्रश्न आहे. आणि दर आठवड्याला पाळी बदलत असेल तर शरीराचं घड्याळ जुळायच्या आतच पुन्हा हलतं. पाळ्या लावणाऱ्यांनी निदान फर्स्टनंतर सेकंड, सेकंडनंतर थर्ड असा क्रम ठेवावा. शरीराला उशिरा झोपणं लवकर झोपण्यापेक्षा सोपं जातं.

स्नायू सोडण्याचा सराव गुरुवारी, सुट्टीच्या दुपारी सुरू करावा. झोपायची घाई नसते, त्यामुळे जमतंय की नाही याची धास्तीही नसते. दोन-तीन आठवडे रोज केलं की हात-पाय लवकर सैल पडू लागतात.