काठाची राखण

बाभुळगावसारख्या कापसाच्या तालुक्यात साडी विकतो व्यापारी. तिचा काठ राखते घरी पिको-फॉल करणारी भगिनी. ओव्हरलॉक यंत्रावर शिलाईची रुंदी कमी करून खालच्या लूपरचा ताण वाढवला, की कापडाची कड आत वळते व दोरा तिला वेढून बसतो. ताण अधिक झाल्यास जॉर्जेट चुण्या धरते, कमी पडल्यास सुते निघतात. म्हणून आधी त्याच कापडाच्या तुकड्यावर चाचणी घ्यावी. 2023 च्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत पात्र शिंपी कारागिरास अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत साहाय्य व पाच टक्के व्याजाने प्रथम 1 लाखापर्यंत कर्ज मिळते. व्यापाऱ्याने तिला ही वाट दाखवावी, मजुरीही थकवू नये. काठ उसवला, तर गिऱ्हाईक बोल दुकानालाच लावते.