बोटाची जागा आणि उमटलेलं अक्षर

फ्रान्समध्ये विकल्या जाणाऱ्या कीबोर्डवर डावा हात सहज जिथे टेकतो तिथे डब्ल्यू, ए, एस, डी ही अक्षरं नसतात. त्या जागी झेड, क्यू, एस, डी असतात. आता समजा, एखाद्या गेममध्ये ‘डब्ल्यूने पुढे, एने डावीकडे’ असा हुकूम अक्षर पाहून लिहिला आहे. पॅरिसच्या खेळाडूला पुढे जायचं तर सगळ्यात खालच्या ओळीतली कळ शोधावी लागते आणि डावीकडे वळायचं तर वरच्या ओळीतली. बोटांचा गुंता होतो आणि खेळणारा वैतागून गेम बंद करतो. लिहिणाऱ्याला मात्र यातलं काहीच कळत नाही, कारण त्याच्या टेबलावर सगळं सुरळीत चाललेलं असतं.

हा प्रश्न मुळापासून हाताळणारी एक लायब्ररी म्हणजे सिंपल डायरेक्टमीडिया लेयर, ऊर्फ एसडीएल. विंडोजवरचा एक प्रोग्रॅम मॅकवर नेताना सॅम लँटिंगा यांना तिची कल्पना सुचली आणि १९९८ मध्ये ती पहिल्यांदा बाहेर पडली. पुढे ते लोकी सॉफ्टवेअर या कंपनीत होते. विंडोजवरचे गेम लिनक्सवर आणणं हाच तिचा धंदा. कंपनी २००२ च्या सुरुवातीला बंद पडली, लायब्ररी टिकली. जुने डॉस गेम चालवणारं डॉसबॉक्स आणि व्हॉल्वचे लिनक्सवरचे गेम तिच्यावर उभे आहेत. पायथन शिकताना पायगेम वापरून चेंडू उडवणारा आपल्याकडचा विद्यार्थीही नकळत एसडीएलच वापरत असतो. चित्र, आवाज, माउस, जॉयस्टिक असं बरंच काही ती सांभाळते. पण तिची खरी समज दिसते ती कीबोर्डच्या भागात, असं मला वाटतं.

ए ही एकच कळ घ्या. ती दाबली की नेहमीच्या पीसीवर विंडोजला ३० हा आकडा मिळतो. लिनक्सवरच्या एक्स ११ मध्ये तीच कळ ३८ असते आणि मॅकवर चक्क शून्य. २००१ च्या एसडीएल १.२ मध्ये हा कच्चा आकडा जसाच्या तसा प्रोग्रॅमरच्या हातात पडायचा, त्यामुळे ‘कळ कुठे आहे’ हे सगळ्या यंत्रांवर चालेल अशा रीतीने सांगायची सोयच नव्हती. ऑगस्ट २०१३ मध्ये आलेल्या दुसऱ्या आवृत्तीने हा घोळ मिटवला. यूएसबी कीबोर्डसाठी कळांच्या क्रमांकांचा एक तक्ता आधीपासून ठरलेला आहे. त्यात ए म्हणजे ४, झेड म्हणजे २९, एंटर ४०, एस्केप ४१. एसडीएलने तोच तक्ता उचलला आणि प्रत्येक यंत्रणेचा आकडा त्यात बसवून दिला. याला स्कॅनकोड म्हणतात. कळेवर काय छापलं आहे याच्याशी त्याचा संबंध नाही, बोट कुठे पडलं एवढंच तो सांगतो. गेममधली हालचाल त्यावर बांधली की पॅरिसचा प्रश्न सुटतो.

दुसरा थर कीकोडचा. सध्याच्या मांडणीत त्या कळेचा अर्थ काय, हे तो सांगतो. कळेला अक्षर असेल तर कीकोड म्हणजे त्या अक्षराचा युनिकोड क्रमांक. बाण किंवा एफ-वन यांसारख्या अक्षर नसलेल्या कळांसाठी स्कॅनकोडमध्येच एक ठरावीक बिट चढवलेला असतो. ‘सेव्ह करायला कंट्रोल-एस’ अशा गोष्टी इथे ठेवायच्या, कारण तिथे माणूस अक्षर शोधतो, जागा नाही. तिसरा थर मजकुराचा. त्याकडे येईनच.

आधी कळ दाबून धरल्यावर काय होतं ते जवळून पाहू. एक्स ११ वर कळ दाबून ठेवली की यंत्रणा ‘सुटली, दाबली, सुटली, दाबली’ अशी जोड्यांची रांग पाठवू शकते. बोट तर हललेलंही नसतं. हे तसंच गेमपर्यंत पोचलं तर पळणारा गडी पावलापावलाला अडखळेल. म्हणून ‘सुटली’ असा निरोप आला की एसडीएल रांगेत पुढे डोकावते. त्याच कळेचा ‘दाबली’ हा निरोप दोन मिलिसेकंदांच्या आत आलेला दिसला, तर सुटल्याचा निरोप ती गिळून टाकते आणि पुढच्या निरोपावर ‘ही पुनरावृत्ती आहे’ अशी खूण करते. गेमने ती खूण पाहून निरोप सोडून द्यावा, मजकूर लिहिणाऱ्या प्रोग्रॅमने घ्यावा.

दुसरी अडचण खिडकी बदलण्याची. खेळाडू कळ दाबूनच ऑल्ट-टॅब करतो आणि दुसऱ्या खिडकीत गेल्यावर ती सोडतो. सुटल्याचा निरोप गेमला कधीच मिळत नाही. परत येऊन पाहावं तर गडी भिंतीवर धडका देत पळतोच आहे. एसडीएल खिडकीवरचा ताबा गेला की दाबलेल्या असलेल्या सगळ्या कळा सुटल्या असं स्वतःहून जाहीर करते. किती साधा उपाय! पण तो एका जागी, एकदाच लिहिला गेला म्हणून तिच्यावर उभ्या असलेल्या शेकडो गेमना त्याचा विचारच करावा लागला नाही. चांगल्या लायब्ररीचं काम मी यालाच म्हणतो.

आता मजकूर, म्हणजे आपल्या जिव्हाळ्याचा भाग. इन्स्क्रिप्ट मांडणीत ‘क्षि’ लिहायचं तर के, मग डी, मग शिफ्टसह स्वल्पविराम, मग एफ. शिफ्ट धरून पाच कळा दाबल्या, चार युनिकोड चिन्हं तयार झाली आणि वाचणाऱ्याला दिसलं एक अक्षर. कळांच्या निरोपांवरून हा मजकूर जुळवायला बसणं म्हणजे प्रत्येक भाषेची मांडणी नव्याने लिहिणं. एसडीएल २ ने त्यासाठी मजकुराचा निरोपच वेगळा केला. कोणती कळ दाबली ते विसरा, यंत्रणेने तयार केलेला मजकूर यूटीएफ-८ मध्ये घ्या. रोमन अक्षरं टाइप करून उच्चारावरून मराठी उमटवणारी साधनं अर्धवट शब्द दाखवत असतात, त्यासाठी आणखी एक निरोप आहे. पर्यायांची यादी कर्सरजवळ दिसावी म्हणून ती जागा सांगायचीही सोय आहे.

दुसऱ्या आवृत्तीत एका निरोपात मजकुराला ३२ बाइटांचीच जागा होती. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं, म्हणजे जेमतेम दहा चिन्हं. जानेवारी २०२५ मध्ये स्थिर झालेल्या तिसऱ्या आवृत्तीत ही मर्यादा नाही. तिथे आणखी एक सुधारणा आहे, आणि ती मला फार मोलाची वाटते. इन्स्क्रिप्ट चालू असताना सी या कळेवर ‘म’ असतो. कीकोड प्रामाणिकपणे ‘म’ म्हणाला तर कंट्रोल-सीने कॉपी होणार नाही. म्हणून रोमन नसलेल्या लिपींसाठी अक्षरांच्या कळांचा कीकोड रोमनच ठेवायचा, हे तिसऱ्या आवृत्तीत न सांगता होतं. हवं तर ते बदलताही येतं. मजकुराच्या निरोपात मात्र ‘म’ हा ‘म’च येतो.

एक काम एसडीएल करत नाही आणि ते प्रोग्रॅमरने ओळखून असावं. बॅकस्पेस हा मजकूर नाही, ती कळ आहे, स्कॅनकोड ४२. ती आल्यावर काय खोडायचं हे प्रोग्रॅमने ठरवायचं. शेवटचा एक बाइट खोडला तर इंग्रजीत चालून जातं, पण मराठीत अक्षराचा चुराडा होऊन पडद्यावर चौकोन उरतो. शेवटचं युनिकोड चिन्ह खोडलं तर ‘क्षि’चा ‘क्ष’ होतो, आणि मराठी टाइप करणाऱ्याला तेच अपेक्षित असतं. कर्सर डावीकडे नेताना मात्र त्याने ‘क्षि’च्या मधे थांबता कामा नये, अख्खं अक्षर ओलांडलं पाहिजे. खोडण्याचा नियम वेगळा आणि कर्सरचा वेगळा. गेममध्ये खेळाडूचं नाव लिहायची चौकट करणाऱ्याने तिथे ‘क्षितिजा’ टाइप करून बॅकस्पेस आणि डावा बाण या दोन्ही कळा शेवटपर्यंत दाबून पाहाव्यात.