दोरीच्या आत, खांबांच्या बाहेर

नागपूरकरांची बर्फाशी ओळख हल्ली नातेवाइकांमार्फत होते. कोणाचा भाचा डेन्व्हरला, कोणाची पुतणी म्युनिकला. डिसेंबरात ही मंडळी सुट्टीवर येतात, आमच्या शिबिराची तयारी पाहायला सकाळी मैदानावर येतात आणि वाद सुरू होतो: पिस्ट, म्हणजे राखलेली वाट, सोडून कोऱ्या बर्फात स्की करायचं तर आल्प्स बरे की अमेरिका? विदर्भातल्या पोरांना औली-गुलमर्गच्या कोर्ससाठी तयार करणं हे माझं काम. दोन्हीकडच्या डोंगरांवर स्की केल्यामुळे पंच म्हणून मलाच उभं करतात.

वरवर पाहता तोच बर्फ, तीच लिफ्ट. फरक आहे तो लिफ्ट सुरू होण्याआधीच्या तासांत.

अमेरिकेत रिसॉर्टच्या हद्दीला दोरी असते. दोरीच्या आतलं सगळं, म्हणजे यंत्राने सपाट केलेली वाटच नव्हे, तर झाडी, घळी, कडेसुद्धा, स्की पेट्रोलच्या, म्हणजे गस्तीच्या पथकाच्या, ताब्यात. कोलोरॅडोत गस्तीवर काम केलेल्या एका मित्राने सांगितलेली पहाट माझ्या डोक्यात पक्की बसली आहे. रात्रभर बर्फ पडला की अंधारातच माणसं वर जातात, जोडीजोडीनं. एकाच्या पिशवीत स्फोटकं. तो वात पेटवून उतारावर फेकतो, दुसरा आडोशाला उभा राहून पाहतो. हातात साधारण दीड मिनिट. स्फोटानं बर्फ सुटला तर कुठून सुटला, नाही सुटला तरी कुठे टाकला, सगळं वहीत लिहायचं. युटामधल्या अल्टाला तर दुसऱ्या महायुद्धानंतर लष्करी तोफा आणून डोंगरावर गोळे डागायला सुरुवात झाली. नऊ वाजता तिकीट दाखवून वर जाणाऱ्याला कोरा, न तुडवलेला बर्फ दिसतो. तो कोरा दिसतो, पण त्याची परीक्षा झालेली असते. ‘बंद’ पाटीची दोरी ओलांडणं मात्र कोलोरॅडोत १९७९च्या कायद्यानं गुन्हा आहे.

आल्प्समध्ये हिशेब उलटा. तिथे राखलेली असते ती पिस्ट, रंगीत खांबांमधली पट्टी. वरून पिस्टवर बर्फ कोसळू नये म्हणून तिथेही स्फोट करतात, पण खांबापलीकडे दोन मीटर गेलात की उतार तुमचा आणि जोखीमही तुमची. लिफ्ट तीच, तिकीट तेच, हॉटेलची खिडकीही दिसत असते. शामोनीला एग्वी द्यू मिदीचा पाळणा तुम्हाला ३,७७७ मीटरवर सोडतो. बाहेर पडल्यावर अरुंद धार, दोराला धरून उतरायची, आणि खाली व्हॅली ब्लांश: सुमारे २० किलोमीटरची हिमनदीवरची उतरण. ना खूण, ना गस्त. वाटेत हिमभेगा, बर्फाच्या पातळ पुलांनी झाकलेल्या. म्हणून स्की करतानाही कमरेला हार्नेस. तो कशाला? भेगेत पडलेल्याला दोर लावून वर ओढता यावं म्हणून.

तिथेच आमच्यासोबतच्या डेन्व्हरवाल्या भाच्यानं विचारलं होतं, “मामा, लिफ्ट तर इथंच दिसून राहिली ना, मग आपण बाहेर कसे?” प्रश्न प्रामाणिक होता. अमेरिकेत शिकलेला चांगला स्कीअर आल्प्समध्ये सगळ्यात धोक्यात असतो तो याच सवयीमुळे. कौशल्य कमी पडत नाही, हद्द चुकीची कळलेली असते. उलट युरोपात शिकलेला माणूस अमेरिकेत गेला की दोरीच्या आतसुद्धा बिचकत फिरतो आणि चांगला बर्फ सोडून देतो.

अर्थात अमेरिकेत दोरीला फाटकंही असतात. वायोमिंगच्या जॅक्सन होलनं १९९९ साली आपली हद्द अशी उघडली. फाटकाबाहेर पाऊल टाकलं की गस्त संपली, आल्प्सचाच नियम लागू. आणि कोलोरॅडोचा बर्फ लबाड आहे. थर पातळ, थंडी कडक, त्यामुळे तळाचा बर्फ रव्यासारखा सुटा होतो, त्याला पकड राहत नाही. वरचा नवा थर त्याच्यावरून चादर ओढावी तसा निघून येतो. आल्प्समध्ये बर्फ बहुधा जाड आणि जरा उबदार, पण झाडांची रेषा दोन हजार मीटरच्या आसपासच संपते, पुढे सगळं उघडं. रॉकीजमध्ये तीन हजारांच्या वरही झाडी साथ देते. ढगात वाट सापडेनाशी झाली की हा फरक फार जाणवतो.

दोन्हीकडे हिमप्रपाताचा धोका एक ते पाच अंकांत सांगतात. मुलांना वाटतं, पाच म्हणजे मरण. पण पाचला कोणी घराबाहेरच पडत नाही. माणसं जास्त मरतात ती तीनला, कारण तीन हा आकडा मधला वाटतो.

म्हणून आमची तयारी नागपुरातच सुरू होते. बांधकामाच्या रेतीच्या ढिगात पोत्यात गुंडाळलेला बीकन, म्हणजे बर्फाखाली दबलेल्याला शोधायचं यंत्र, पुरून ठेवतो. एकाला शोधायला पाठवतो, बाकीचे वेळ मोजतात. यंत्र ४५७ किलोहर्ट्झवर बोलतं, पडद्यावर बाण आणि मीटरचा आकडा: चाळीस, बावीस, नऊ, तीन. तीनच्या आत आलं की पळणं बंद, गुडघ्यावर बसायचं, यंत्र जमिनीलगत सरकवायचं, सगळ्यात लहान आकडा धरायचा. मग प्रोबची काठी. मग फावडं. बर्फाखाली दबलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत निघाला तर बरीच आशा असते, पुढे ती झपाट्यानं घसरते, आणि यातला सगळ्यात जास्त वेळ खातं ते फावडं. काठीच्या अगदी मुळाशी खणायचं नाही. उताराच्या खालच्या अंगाला थोडं मागे सरून आडवं आत शिरायचं, म्हणजे आपलं वजन त्याच्या छातीवर पडत नाही. काटोलकडच्या संत्र्याच्या बागेत वाढलेल्या एका पोरीनं हे एकदा पाहिलं आणि शहरातल्या धट्ट्याकट्ट्या पोरांच्या निम्म्या वेळात खड्डा काढला. तिला माती मागे कशी लोटायची हे कोणाला शिकवावं लागलं नाही.

आणि गुलमर्ग? तिथे ही दोन्ही जगं एका पाळण्यात बसतात. गोंडोला फ्रेंच पोमा कंपनीचा, दुसरा टप्पा २००५चा, अफरवटच्या जवळपास चार हजार मीटरवर नेणारा. स्की पेट्रोलची घडी बसवण्यात ब्रायन न्यूमन या अमेरिकन तज्ज्ञाचा मोठा हात, आणि गस्तीवर पोरं काश्मिरी. वरून उतरणारा मुख्य बाउल, म्हणजे वाटीसारखा उतार, अमेरिकी पद्धतीनं सांभाळतात: बॉम्ब टाकतात, तपासतात, मग उघडतात. त्याच्या डावी-उजवीकडचा सगळा डोंगर आल्प्ससारखा, ज्याचा त्याचा. १ फेब्रुवारी २०२३ला हापतखुदच्या उतारावर हिमप्रपातात दोन पोलिश स्कीअर गेले, फेब्रुवारी २०२४मध्ये खिलनमर्गच्या वर एक रशियन. अनेकांना गस्तीनं आणि स्थानिकांनी जिवंत बाहेर काढलं, हेही तितकंच खरं.

आमच्या तुकडीचा नियम सरळ आहे. कोर्सची मुलं बाउलच्या बाहेर जात नाहीत, आभाळ कितीही निळं असो. काटोलची पोर आता कोर्स संपवून पुढे गेली आहे. तिला बाहेर जायचं असतं तेव्हा ती स्थानिक गाइड घेते, सकाळचं हिमप्रपाताचं बुलेटिन वाचते, बीकनमध्ये नवे अल्कलाइन सेल घालते आणि फावडं स्वतःच्या पाठीवर ठेवते.